कपाटावरची नजर

जयपूरला बदली झाली तेव्हा आई माझ्याबरोबर आली. घरात आम्ही दोघीच. घर तिलक नगरला, बँकेची शाखा सीतापुऱ्यात. दिवसभर आईजवळ थांबायला सांगानेरहून एक बाई यायच्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या. आधीच्या गावी अशाच एका बाईने आईच्या पाटल्या नेल्या होत्या. म्हणून या आल्या त्याच आठवड्यात मी खोलीत कॅमेरा बसवला; कपाट नीट दिसेल असा. पलंग कडेला अर्धामुर्धा यायचा. काम करता करता मी फोनवर ते बघत असे.

एके दिवशी अकराच्या सुमारास बाईंचा फोन आला. "दीदी, माँजी के हाथ से कप छूट गया. दायाँ हाथ उठ नहीं रहा. आप आ जाइए."

मला वाटलं, कप यांनीच फोडला आणि आता आईवर ढकलतायत. शिवाय आदल्या दिवशी त्यांना लवकर घरी जायचं होतं, मी नाही म्हटलं होतं. हात जरा चोळून द्या, संध्याकाळी बघते, असं सांगून मी फोन ठेवला. त्यानंतरचे दोन फोन उचललेच नाहीत. तीन वाजता शेजारच्या काकांनी फोन केला. बाई त्यांच्याकडे धावत गेल्या होत्या. आईचं तोंड वाकडं झालं होतं आणि ते तिला घेऊन दवाखान्यात निघाले होते.

मी पोचले तेव्हा चार वाजत आले होते. त्रास कधी सुरू झाला, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, तासाभरापूर्वी. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ग्यारह बजे से."

पक्षाघाताचा झटका होता; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ निघून गेली होती.

पुढे मी ते रेकॉर्डिंग लावलं. आई कपाकडे हात नेते, हात घसरतो. पुन्हा नेते. कप पडतो. बाई फडकं आणायला कपाटाकडे वळतात. हे सगळं मी तेव्हा बँकेत बसून पाहिलं होतं, पण माझ्या लक्षात राहिलं होतं ते फक्त बाईंचं कपाटाशी जाणं.

आई घरी आली, पण बाईंनी काम सोडलं. मी फोन करून माफी मागितली, परत या म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, "कल फिर कुछ हुआ, तो आप मेरी बात मानेंगी?"

मानेन, असं मी म्हटलं. त्या आल्या नाहीत. आई त्यानंतर दीड वर्ष होती. तिची वाचा परत आली नाही.