खाणीतल्या पोकळीपाशी

मी वाशीमच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. रिठदच्या पुढे एक जुनी दगडखाण आहे. इंग्रजांच्या काळात पुलांसाठी तिथून काळा दगड निघायचा. आता ती बंद आहे. गेल्या हिवाळ्यात मुलांना तिथे न्यायचं ठरलं आणि आयत्या वेळी गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते, ते उठले आणि त्यांनी किल्ली मागितली.

मला नवल वाटलं. सासूबाई गेल्यापासून ते हो आणि नको याच्या पलीकडे बोलत नव्हते. जेवायला हाक मारली की येत, ताट सरकवून पुन्हा ओसरीवर जाऊन बसत.

खाणीशी पोचल्यावर ते गाडीतच बसले. मी मुलांना घेऊन खाली उतरले. कड्याचा एक तुकडा पावसाळ्यात ढासळला होता आणि आत हात जाईल एवढी पोकळी उघडी पडली होती. टॉर्च मारला तर आत पांढऱ्या सुयांचे झुबके, मध्ये फिकट हिरवे खडे. मुलं गर्दी करू लागली. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मग त्यांत पाणी झिरपलं आणि पाण्यातली खनिजं हळूहळू जमत गेली, असं मी सांगत होते. मागे वळले तर मामाजी उभे.

मुलांनी त्यांना वाट दिली. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं.

"म्हनजे हे अंधारातच वाढले?"

मी हो म्हटलं. लाखो वर्षं.

"पाहाले कोनीच नोतं. मंग एवढे साजरे कायले झाले?"

मुलं माझ्याकडे बघू लागली. स्फटिकांची रचना मला समजावता आली असती, पण त्यांनी ते विचारलं नव्हतं. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना चालण्यासारखं होतं.

पोकळीला कुणी हातोडी लावायची नाही, असं मी आधीच बजावलं होतं. खाली पडलेल्या चुऱ्यातले खडे वेचून आम्ही वर आलो.

परतताना रिठदला चहासाठी गाडी त्यांनीच थांबवली. मुलं पुढे गेली तेव्हा ते माझ्याशेजारी बाकावर बसले.

"तुयी सासू असती तं तिनं पदरात वटीभर खडे आनले असते," ते म्हणाले. "कोनाचं आयकलं नसतं."

मग ते तिच्याबद्दल बोलत राहिले, चहा निवून गेला तरी. मी मुलांना आणखी थोडं थांबायला सांगितलं.