बाबांचा रेग्युलेटर: पनवेल ते मालवण

"आख्खा जलम खाऱ्या पान्यात गेला, पन खाली काय हाय ते नाय बगितला." माझ्या मोबाइलवरचा पाण्याखालचा व्हिडिओ बघता बघता बाबा हे म्हणाले आणि आमची मालवणची सहल ठरली. बाबांनी उरणकडच्या मिठागरात उमेदीची वर्षं घालवली. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, अडवायचं, सुकवायचं, हे त्यांचं आयुष्य. पुढे मिठागर गेलं, त्यावर आता कंटेनर उभे असतात, आणि आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी चार वर्षांपासून स्कूबा डायव्हिंग करते. हौस म्हणा, खूळ म्हणा.

साठी उलटलेल्यांना डॉक्टरचं पत्र लागतं. ते आधी मिळवलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, खुशाल जा. खरी अडचण निघाली उष्ट्याची. पाण्याखाली श्वास घ्यायला रेग्युलेटर लागतो. त्याचा एक भाग पाठीवरच्या टाकीला बसतो आणि हवेचा जोर कमी करतो, दुसरा तोंडात धरायचा. मालवणात तो भाड्याने मिळतो, पहिल्यांदा जाणारे सगळे तोच वापरतात. बाबांना हे कळलं आणि त्यांनी सहलच रद्द करायला घेतली. "शंबर जनांच्या तोंडातला मी तोंडात घालू?" जन्मात कुणाच्या ताटातला घास न घेतलेला माणूस. मी फार वाद घातला नाही. त्यांच्यासाठी नवाच घ्यायचा ठरवला. तसाही माझ्याकडे दुसरा असावा असं मला वाटतच होतं, आयतं निमित्त मिळालं!

दुकानात दोन प्रकार समोर आले. पिस्टनवाला साधा, आत भाग कमी, सर्व्हिसिंग स्वस्त. डायफ्रॅमवाल्याची किंमत एका बऱ्यापैकी जुन्या स्कूटीएवढी, पण त्याच्या यंत्रात बाहेरचं पाणी शिरत नाही. स्वच्छ निळ्या पाण्यात जाणार असाल तर पिस्टन पुरे. आपल्या कोकणातलं पाणी गढूळ, रेती आणि गाळ भरपूर, म्हणून मी डायफ्रॅमवाला घेतला. त्याच फेरीत माझा जुना रेग्युलेटर सर्व्हिसिंगला टाकला. आतल्या रबरी कड्या झिजतात, त्या वेळच्या वेळी बदलाव्याच लागतात. हे काम सहलीच्या आधी चांगले पंधरा-वीस दिवस उरकून घ्या. दोन्ही रेग्युलेटर तपासून, पिशवीत बंद होऊन घरी आले. मी निश्चिंत झाले.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. पाटावर कोयता, विळी, बाबांचं मीठ ओढायचं जुनं लाकडी फावडं, गाडीची चावी, माझा लॅपटॉप. आईने दोन्ही रेग्युलेटरही पिशवीतून काढून मांडले. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. बाबा तोंडात धरणार त्या भागावर अक्षता जरा सढळ हातानेच.

"अगं आई, त्याला कशाला?"

"ज्याच्यावर जीव टांगलेला हाय त्याची पूजा नको करू?"

मी हसले आणि फोटो काढला. आईने सगळं फडक्याने पुसून परत पिशवीत भरलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आईला गाडी लागते, ती घरीच राहिली. पळस्प्याला गोवा रस्त्याला लागलो तेव्हा न्हावा शेव्याचे ट्रेलर इतक्या सकाळीही रांग लावून उभे होते. माणगावपर्यंत गाडी जपून चालवा, खड्डे आणि वळवलेले रस्ते यांची अजून सवय ठेवावी लागते. पुढे रस्ता चांगला आहे. कशेडीच्या बोगद्यामुळे घाट चढायचा वाचतो. चिपळूणच्या अलीकडे मिसळ खाल्ली, कसालला उजवीकडे वळलो आणि दिवस कलताना मालवणात पोचलो. वाटेत बाबांनी दोनदा पिशवी उघडून आपला रेग्युलेटर आहे ना ते पाहिलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं दप्तर बघतात तसं. राहायची सोय घरगुती होती, सुरमई ताजी, सोलकढी मागाल तितकी. सुट्टीत दर चढतात, आधी फोन करून विचारलेलं बरं.

सकाळी बोटीवर मंगेश भेटला. पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांना हात धरून नेणारा तोच. त्याने बाबांचा रेग्युलेटर टाकीला जोडला आणि म्हणाला, "काका, माका एकदा श्वास घेऊन बघूदे. मगे तुमका दितंय."

"नाय नाय! माजा हाय तो. उष्टा नको करू."

मंगेश हसला. बाबांनी स्वतःच तोंडात धरून दोन श्वास घेतले. हवा झकास आली. त्यांनी मला अंगठा दाखवला. बोटीवर सगळं ठीकच वाटणार होतं, कारण तिथे पाणी नव्हतं.

शिडीला धरून बाबा गळ्यापर्यंत उतरले आणि त्यांनी तोंड पाण्यात घातलं. लगेच ठसका लागून वर आले. मंगेश म्हणाला, होतं असं, ओठ घट्ट धरा. पुन्हा गेले. पुन्हा हवेबरोबर खारं पाणी घशात. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा डोळे लाल झाले होते आणि शिडीवरचा हात सुटत नव्हता. मंगेशने धुतलेला भाड्याचा रेग्युलेटर पुढे केला. मी माझा देऊ केला, घरचाच तर होता. बाबा दोन्हींकडे बघत राहिले. आता प्रश्न उष्ट्याचा उरलाच नव्हता. श्वास घ्यायला गेलं की पाणी येतं, ही भीती छातीत बसली होती. तिच्यावर जबरदस्ती करायची नसते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"तू जा," ते म्हणाले. "जाऊन ये नि मना सांग."

मी गेले. पाणी त्या दिवशी नशिबाने स्वच्छ होतं. वर आल्यावर त्यांनी एकेक विचारलं. मासे घाबरतात का? खडकावर काय उगवतं? वाळू कशी दिसते? मी सांगत गेले. माझं मन राखायला विचारतायत असं वाटून मला आणखीच भरून येत होतं.

खोलीवर आल्यावर दोन्ही रेग्युलेटर गोड्या पाण्यात भिजत घातले. टाकीकडच्या टोकाचं झाकण घट्ट लावा आणि भिजत असताना हवा सोडायचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी आत जातं. मग मी बाबांच्या रेग्युलेटरच्या तोंडातून मोबाइलचा उजेड मारला. सोडलेला श्वास बाहेर जायला तळाशी एक पातळ रबरी पडदा असतो. त्याच्या कडेखाली तांदळाचा एक दाणा अडकला होता. फुगलेला, कुंकवाने लाल. पडदा तेवढाच उचललेला, आणि तिथूनच समुद्र आत येत होता. गाळ शिरू नये म्हणून निवडलेलं यंत्र, आणि त्यात पाटावरची अक्षत गेली. पूजा करायची तर खुशाल करा, पण पिशवीची करा.

बाबा मागेच उभे होते. त्यांनी दाणा तळहातावर घेतला आणि खिडकीतून टाकून दिला.

"उद्या परत जाऊ," मी म्हणाले. "आता पाणी येणार नाही."

"उद्या नको. छाती अजून धडधडतेय." मग म्हणाले, "नि आईला सांगू नको."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. "श्वास बरा आला ना?"

"एकदम मस्त," बाबा म्हणाले. "तुजा कुंकू व्हता ना."

मग चहा पिता पिता त्यांनी तिला सगळा तळ सांगितला. पिवळ्या पट्ट्यांचे मासे, खडकावरची झुडपं, वाळूवर हलणारं ऊन. सगळं मी बोटीवर सांगितलेलं, एकही गोष्ट न विसरता. शेवटी एक त्यांनी आपल्या पदरची घातली: "नि शांत किती! मिटागरावर दुपारच्याला असतंय तसा." खाली शांत नसतं. आपल्याच श्वासाचे बुडबुडे कानाशी सारखे खळखळतात. ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

आईचा चेहरा उजळला होता. तिला कळलं असतं तर तिने पुन्हा कशालाच कुंकू लावलं नसतं. पण मला वाईट वाटतं, फार वाटतं. त्या दिवशी भीती होती, ती महिन्या-दोन महिन्यांत गेली असती. नवा रेग्युलेटर धुऊन, पुसून, तपासून कपाटात तयार आहे. परवा जेवताना मी हळूच म्हटलं, "बाबा, जानेवारीत पाणी छान असतं. जायचं का?"

बाबांनी मान वर केली. त्यांचा हात भातात तसाच थांबला.

"आता परत कशाला?" आई त्यांना आमटी वाढत म्हणाली. "बगितला ना एकदा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"हा," ते म्हणाले. "बगितला."