टीव्हीची दृष्ट काढणारी आत्या

आमची सरूआत्या टीव्हीची दृष्ट काढायची. मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन ती पडद्यासमोर उभी राहायची. माझी धाकटी बहीण सोनी दिसली की डोळे मिटून "इडापिडा टळो" म्हणत मूठ ओवाळायची आणि मिरच्या शेगडीत टाकायची. सोनी भारताच्या मुलींच्या संघात गोलकीपर. "खेळ पायाचा आसतोय, पर घात नजरेचा," एवढंच आत्याचं फुटबॉलचं ज्ञान. सोनी हातानं खेळते, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा होती आणि अंतिम सामना नेपाळशी. ताडकळसच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा म्हणजे आमचे वडील आदल्या दिवशीच बजावून बसले होते, "ह्या टायमाला कप आणला तर ठीक. न्हाई तर बास झालं खेळणं. स्थळं यायलेत."

बरोबरी झाली, पेनल्टीची वेळ आली. सोनीचा चेहरा पडद्यावर आला आणि आत्यानं मूठ उचलली. मिरच्या जळाल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. ठसका नाही म्हणजे दृष्ट जबर, हा आमच्याकडचा ठोकताळा. "बघा, केवढी दिष्ट लागली व्हती लेकराला!" म्हणत आत्यानं विजयी मुद्रेनं डोळे उघडले.

पडद्यावर नेपाळची गोलकीपर होती.

आत्याचं ओवाळणं चालू असतानाच कॅमेरा फिरला होता. पुढं त्या पोरीनं आपल्या मुलींचे चेंडू असे अडवले, की विचारू नका. आपण हरलो. अण्णांनी सोनीला लावायला फोन उचलला.

आत्यानं जन्मात कधी चूक कबूल केली नव्हती. दूध नासलं तरी दोष म्हशीचा. पण त्या दिवशी तिनं अण्णांचा हात धरला. "दिगू, पोरगी हरली न्हाई, मी हरवली. पोरीला रं कशाला घरी बसवतूस? बसवायचं तर मला बसव!"

अण्णांची पंचाईत झाली. दृष्ट खोटी म्हणावी, तर ट्रॅक्टरला लिंबू-मिरची त्यांनीच बांधलेली. खरी म्हणावी, तर सोनी निर्दोष. त्यांनी फोन खाली ठेवला. सोनी अजूनही खेळते.

आत्याला जाऊन आता वर्ष होईल. तिची फार आठवण येते. त्या संध्याकाळी ती शेगडीतली राख काढत होती, तेव्हा मी हळूच विचारलं होतं, "आत्या, खरंच तुझ्यामुळं हरलो का गं?"

तिनं आधी अण्णा कुठं आहेत ते पाहिलं.

"येड्या, ती नेपाळची पोरगी लय भारी खेळली. पर तुझ्या बापाला हे कशाला सांगायचं?"