अप्पांचा अंगठा

कळंबच्या अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उजव्या पायाच्या अंगठ्याला माशी बसलेलीसुद्धा सोसत नसे. वर्षातून पाच-सहा वेळा तो अंगठा सुजून वांग्यासारखा जांभळा आणि चकचकीत होई. मग एरवी ज्वारीचं पोतं एकट्याने पाठीवर घेणारा हा धिप्पाड आडत्या खाटेवर आडवा पडे आणि घरात कुणी हललं तरी ओरडे. "पाय आपटू नगं गं, भुई हादरती!" सासूबाई चुलीपासून म्हणत, "भुई न्हाय हादरत. तुमचाच जीव हादरतोय."

या दुखण्याला वैद्य वातरक्त म्हणत. पेठेतले हकीमसाब त्याला निकरिस म्हणत. अप्पा मात्र त्याला 'पाहुणा' म्हणत, कारण तो न सांगता येई, आठवडाभर राही आणि जा म्हटलं तरी जात नसे. पाहुणा आला की पायावर पांघरुणाचा स्पर्शही नको असे. आणि थंडीच्या दिवसांत उघडा पाय गारठे. यावर अप्पांनी तोड काढली. बाजारातून कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, ते पायावर उपडं घातलं आणि वरून गोधडी पसरली. खाटेच्या पायथ्याशी आणखी एक लठ्ठ माणूस बसल्यासारखं दिसे. अप्पा त्यावर इतके खूष होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला गोधडी उचलून दाखवत.

त्या डालग्याने माझं लग्न मोडायची वेळ आणली होती.

अप्पा गळ्यात लिंग बांधलेले, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणारे. अंड्याचं नाव घरात निघत नसे. अशा माणसाच्या गड्याने भर बाजारातून कोंबड्यांचं डालगं डोक्यावर नेलं, हे सगळ्या पेठेने पाहिलं. त्यात हकीमसाबांना थट्टेची खोड. अप्पांच्या दुकानात चार माणसांदेखत ते म्हणाले, "मुबारक हो अप्पा! ये तो नवाबी मर्ज है. हैदराबादेत बिर्याणी खाणाऱ्यांना, शराब पिणाऱ्यांना होतो." अप्पा स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसले. पण ही थट्टा बैलगाड्यांतून येडशीजवळच्या आमच्या गावी पोहोचेपर्यंत तिचं रूप पालटलं होतं. कळंबचे अप्पा घरी कोंबड्या पाळतात आणि हकिमाबरोबर बसून खातात-पितात, असं आमच्या वडिलांच्या, तात्यांच्या, कानी आलं. तेव्हा मी कळंबच्या शाळेत शिक्षक होतो आणि अप्पांच्या गिरिजेशी माझा साखरपुडा झाला होता.

तात्या कर्मठ. ते मंगळवारी सकाळीच गाडी जुंपून आले, मला शाळेतून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "चल. मोकळं करून येऊ." सोयरीक मोडायची, असा त्याचा अर्थ. अप्पांच्या दारात पाय धुवायला पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. प्यायला दिलेला तांब्याही परत केला. आपल्या लोकांत याहून कठोर बोलणं दुसरं नाही. दाराआड गिरिजेच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

अप्पांचा पाहुणा नेमका त्याच पहाटे आला होता. डालगं पायावरच होतं. तात्यांनी त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "डालगं दिसतंय. कोंबड्या कुठायत?"

"हा काय एक, डालग्याखाली," अप्पा म्हणाले. "उचलून बघा. पण हात लावू नका, लई वरडतो."

मला हसू आलं, पण तात्या बसले होते तसेच राहिले. "अप्पा, चेष्टा नको. लिंग हातात घ्या आणि सांगा, मी कधी खाल्लं न्हाय, प्यालो न्हाय. लगीन ठरल्याप्रमाणं हुईल. न्हायतर आम्ही निघालो."

अप्पांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. त्यांची ही एकुलती मुलगी. एवढे चार शब्द उच्चारले असते तर सगळं मिटलं असतं, आणि ते शब्द खरेही होते. अप्पा म्हणाले, "तात्या, खाल्लं न्हाय, प्यालो न्हाय, हे मी साधं सांगतो. पण पायाच्या अंगठ्यापायी देवाला गवाहीला उभं करणार न्हाय. ज्याला माझ्या तोंडचा शबूद पुरत न्हाय, त्याला शपथ तरी किती दिवस पुरंल?"

मी काही बोलायला हवं होतं. मी भिंतीकडे पाहत बसलो. पुढे अप्पा चारचौघांत मला म्हणत, "आमचे जावई लई हुशार. पण बोलायच्या आधी पुस्तकात बघून येतात." ते ऐकून सगळे हसत, मीही हसे, पण त्या दिवसाचं ओझं अजून उतरलेलं नाही.

तात्या उठले, तेवढ्यात हकीमसाब औषधाची पुडी घेऊन आत आले. काय चाललंय ते कळताच त्यांचा चेहरा उतरला. आपली थट्टा कुठवर गेली हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. त्यांनी खाटेजवळ बसून डालगं उचललं. "तात्यासाब, हा आजार नुसत्या खाण्याचा नाही. घराण्यातही उतरतो. अप्पा, तुमच्या वालिदांना होता का?"

"आबांना? व्हय की," अप्पा म्हणाले. "ह्योच पाय, ह्योच अंगठा. म्हातारपणी कानाच्या पाळीवर खडूवानी पांढरे खडे झालते."

तात्या दारातच थांबले. आबांना, अप्पांच्या वडिलांना, ते गुरूच्या जागी मानत. तरुणपणी त्यांच्याबरोबर अनवाणी श्रीशैलाला चालत गेले होते. आबांच्या लंगडण्याच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तात्या त्या डोळे मिटून सांगत.

"आबांचा पाय श्रीशैलाच्या वाटंनं गेला," तात्या म्हणाले. "मी सोता चेपायला बसायचो. बोट लावलं की वरडायचे. आम्ही म्हणायचो, तपाची आग हाय."

"वाटेत उपास असायचे?" हकीमसाबांनी विचारलं.

"कडक. पाण्याचा थेंब न्हाय."

हकीमसाबांनी पुडी अप्पांच्या उशाशी ठेवली. तात्या त्या जांभळ्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग पुन्हा आत येऊन घोंगडीवर बसले आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, पाणी आण जरा." गिरिजेने तांब्या आणला. तात्यांनी तो सगळा संपवला.

नंतर सोलापूरच्या एका डॉक्टरांकडे मी इंग्रजी पुस्तकात या दुखण्याबद्दल वाचलं. रक्तात यूरिक नावाचं आम्ल साठतं. ते लघवीवाटे जायला हवं. तसं झालं नाही की सुईसारखे बारीक खडे होऊन सांध्यात बसतं. अंगठा शरीराच्या टोकाचा आणि गार, म्हणून बहुधा तिथेच आधी. मांस आणि दारू त्याला वाढवतात हे खरं; पण रक्तात उतरलेला वारसा, कोरडे उपास आणि कमी पाणी एवढंही पुरतं. अप्पांचा सोमवार निर्जळी असे. पाहुणा बहुतेक मंगळवारी पहाटे येई. ही गोष्ट घरात फक्त गिरिजेने हेरली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

हकीमसाब कडू सुरंजान नावाच्या कंदाची पूड देत. बेताने, पोट ढिलं झालं की लगेच बंद. मूठ मूठ गूळ खायची सवय त्यांनी सोडवली. पण सोमवारी पाणी प्यायला अप्पा तयार नव्हते. शेवटी हकीमसाब वैतागले. "अरे अप्पा, तुमचे महादेव स्वतः डोक्यावर गंगा घेऊन बसलेत, आणि त्यांचा भक्त तहानेने मरतो? ये कौन सा इन्साफ है?" अप्पा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हकीमसाब, तुमचं म्हणणं शास्त्राला धरून हाय." तेव्हापासून सोमवारी ते उशाला घागर ठेवत, आणि पाहुणा वर्षातून एकदाच येऊ लागला.

निजामी गेली त्या दिवसांत मुसलमानांच्या घरांवर जमाव चालून जात, आणि हकीमसाबांचं दुकान बंद राहू लागलं. अप्पा रोज काठी टेकत जाऊन त्यांच्या ओट्यावर बसत. कुणी विचारलं तर पाय पुढे करत. "मला औषध लागतं, म्हणून मला हकीम लागतो. ज्याला ह्या वाटंनं आत जायचंय त्यानं माझा अंगठा ओलांडून जावं." त्या वाटेने आत कुणी गेलं नाही. पाय खरं तर त्या वेळी मुळीच दुखत नव्हता.

पुढे वर्षभरात अप्पांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला आणि ते लिंगैक्य झाले. आमच्यात माणसाला मांडी घालून बसवून निरोप देतात. अंग ताठत चाललं होतं, म्हणून भावकीतल्या माणसांनी घाईने उजवा पाय धरून दुमडायला घेतला.

"हळू रे!" तात्या ओरडले. त्यांनी त्या माणसांना बाजूला केलं आणि स्वतः खाली बसले. अंगठ्याला बोट लागणार नाही अशा बेताने त्यांनी टाचेखाली तळहात घातला आणि अप्पांचा पाय सावकाश त्यांच्याच डाव्या मांडीवर आणून ठेवला.