उपाशी गोधडी

मी जामखेडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. गळ्यात शिट्टी, पायात बूट, आणि आवाज असा की मैदानाबाहेरच्या रसवंतीवाल्यालाही ऐकू जावा. कबड्डीत एखाद्यानं हातात आलेली पकड सोडली की माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "जमत नसेल तर घरी जा आणि गोधड्या शिवा!" पोरं हसायची. ज्याला म्हटलं तो मान खाली घालायचा. काम व्हायचं.

हे वाक्य मी मैदानावर ओरडत होतो तेव्हा संध्याकाळी घरी येऊन, पुढच्या दाराला कडी लावून, मी स्वतः गोधड्याच शिवत होतो.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बसवून ठेवलं. मुलगी पुण्याला नोकरीला असते. तिनं आईला विरंगुळा म्हणून कुरिअरनं एक पाकीट पाठवलं. आत सुती कापडाचे पंजाएवढे चौकोन, सगळे एका मापाचे, दशा सुटू नयेत म्हणून काठ दातेरी कापलेले, वर फितीची गाठ. जोडायचे फक्त. बायकोनं पाहिलं आणि म्हणाली, "हिला माहीत नाही का आपली आई कशी आहे ते? ब्लाउजचा हूक मी शिंप्याकडून लावून घेते." पाकीट फ्रिजवर गेलं.

मी स्टुलावर पाय टाकून दिवसभर टीव्ही बघायचो. एका दुपारी कंटाळून ते पाकीट काढलं आणि चौकोन पलंगावर मांडले. गडद, फिका, गडद, फिका. मग ते मोडून दुसऱ्या तऱ्हेनं मांडले. मैदानावर सात गडी कसे उभे करायचे याचा विचार करताना डोकं जसं शांत होतं, तसं झालं. धावदोरा मला येत होता. आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची आणि तिचे डोळे गेल्यावर सुई ओवून द्यायला, पुढं पुढं टाके घालायलाही मीच असायचो. तेव्हा मी लहान होतो, त्यामुळं कुणी काही म्हणायचं नाही. आता मिशा होत्या.

पहिली गोधडी झाली, बायकोनं ती धुऊन गच्चीवर वाळत घातली. शेजारच्या काकू पापड उचलायला आल्या होत्या.

"अगंबाई! कुणी शिवली ही?"

बायकोनं तोंड उघडलं. 'ह्यांनी' असंच ती म्हणणार होती. मी काठी टेकत जिना चढून वर पोचलो होतो. तिच्या आधी मी बोललो, "हिनंच. हिला सध्या नाद लागलाय."

काकू गेल्यावर बायको हसली. "मला नाद लागलाय होय? बरं बाई, लागलाय."

त्या एका दिवशी ती हसली होती. त्या हसण्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

पाकिटं येत राहिली. मुलीला वाटायचं आई रमली. मुख्याध्यापकांच्या नातीला गोधडी, मेव्हण्याच्या लग्नात गोधडी, सगळ्या हिच्या नावावर. कॉलनीतल्या बायका शिकायला येऊ का म्हणून विचारायच्या आणि ही कधी पाठ दुखते म्हणायची, कधी डोळे. मग मागून ऐकू यायला लागलं, "सरांच्या मिसेस हात राखून आहेत. शिकवलं तर कमी होईल ना!"

ती मला म्हणायची, "सांगून टाका की आता. पोरं चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी विसरतील."

"एवढ्या तालुक्याच्या स्पर्धा होऊ देत."

स्पर्धा दरवर्षी होतात.

इथं बायकोबद्दल एक सांगायला हवं. तिचा शब्द कॉलनीत चालायचा. ती गोड बोलत नाही, पण वाढवून-चढवून सांगत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गावाला जाताना लोक किल्ल्या तिच्याकडं ठेवायचे. भिशीची चिठ्ठी कायम तिच्या हातून काढायचे. तिच्याकडं मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि तिला ते लागतही नव्हतं. त्याच तिच्या शब्दावर मी गोधड्या वाळत घालत होतो.

मग माझ्या थोरल्या बहिणीला नातू झाला. ती मिरजगावला दिलेली. तिचा फोन आला, स्पीकर चालू होता.

"वयनी, बारशाला गोधडी तुज्याच हातची पायजे बरं का! आणि कोपरा मोकळा ठेव. घास हितं भरू, समद्यांच्या म्होरं."

हा घास म्हणजे आमच्या आईची रीत. गोधडी पुरी करताना एक कोपरा उघडा ठेवायचा. ज्याच्यासाठी ती शिवली त्यानं, नाहीतर त्याच्या माणसानं त्यात जोंधळ्याचे दाणे आणि भाकरीचा कोर घालायचा, आणि जिनं गोधडी शिवली तिनंच ते तोंड शिवून टाकायचं. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही, असं आई म्हणायची.

फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडं बघत राहिली. "आता?"

"चार टाके तर घालायचेत गं. मी शिकवतो."

उरलेल्या चौकोनांवर तिनं सराव केला. तिच्या हाताला सुई परकीच होती. टाका कधी बोटाच्या पेरासारखा लांब, कधी वरचेवर सुटलेला. एकदा तिनं सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, मला हे येणार नाही. तुमची सख्खी बहीण आहे. तिला तरी सांगा."

"आक्काला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

"मग तुम्हीच घाला टाके."

"बारशात? बायकांत बसून?"

तिनं सुई पुन्हा उचलली.

बारशाला घर भरलं होतं. पाळणा आतल्या खोलीत, आम्ही पुरुष ओसरीवर, दाराच्या तोंडाशी. माझ्या खुर्चीवरून आतलं सगळं दिसत होतं. गोधडी हातोहात फिरली. निळ्या-पिवळ्या चौकोनांची, त्या वेळेपर्यंतची माझी सगळ्यात चांगली. बायका काठावरून बोटं फिरवत होत्या आणि इकडं माझी छाती फुगत होती, हेही सांगून टाकतो.

"आयते तुकडे इकत मिळत्यात म्हनं," कुणीतरी म्हणालं.

"मिळंनात का! जोडायला हात तर घरचाच लागतोय ना?" आक्का म्हणाली. तिनं दाणे घातले, भाकरीचा कोर घातला, आणि गोधडी माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवली. "हं, वयनी. घाल टाकं."

सुई मी घरूनच ओवून दिली होती. पहिल्याच टाक्याला दोरा सुटला. तिला तो परत ओवता येईना. शेजारच्या एका पोरीनं ओवून दिला. बायकोनं चार टाके घातले. आमची म्हातारी आत्या वाकून बघत होती.

"आगं, ह्ये काय? हितं तिळावानी टाका आन हितं शेंगंवानी? ह्यो एका हाताचा न्हाई बया!"

बायका हसल्या. आक्का हसली नाही. तिनं गोधडी उजेडाकडं धरून पाहिली.

"वयनी, खरं सांग. इकत आणलीस व्हय?"

बायकोनं मान वर केली आणि दाराकडं पाहिलं. मी खिशातून मोबाईल काढला आणि कानाला लावला.

"हो, आक्का," ती म्हणाली. "विकतचीच आहे."

"मग इतकी वरसं सोताच्या नावावर कशाला मिरवली गं? इकत आणली म्हनली असतीस तरी आमी घेतलीच असती की." आक्कानं हे ओरडून म्हटलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कोपरा अर्धा उघडा होता तशीच तिनं ती गोधडी घडी करून कपाटात टाकली आणि पोराला जुन्या दुपट्यात गुंडाळलं.

शेजारी बसलेले दाजी म्हणाले, "बायकांचं कायतरी चाललंय, मास्तर. तुमी भजी घ्या."

मी भजी घेतली.

येताना मोटारसायकल थांबवून चहा घेतला तेव्हा तिनं विचारलं, "आत काय झालं ते ऐकलंत?"

"का, काय झालं? मला शाळेतून फोन आला होता."

तिनं कप ठेवला. "काही नाही."

बातमीला मिरजगावहून जामखेडला यायला एसटीचं तिकीट लागत नाही. आत्याची एक भाची आमच्याच कॉलनीत दिलेली. लवकरच कुणी भेटलं की हसून विचारायचं, "काकू, त्या दुकानाचा पत्ता आम्हालाही द्या की!" त्यावर ही नुसती मान हलवायची. मग भिशीच्या दिवशी ती लवकर परत आली. मी आतल्या खोलीत चौकोन मांडत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "आज चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या हातून काढली."

एवढंच सांगून ती भाजी निवडायला गेली. मी ते चौकोन गोळा केले. दुसऱ्या दिवशी मैदानावर माझं ते वाक्य तोंडापर्यंत आलं आणि मी शिट्टी फुंकली, नुसतीच, कारण नसताना. पोरं थांबून माझ्याकडं बघायला लागली.

तरी मी लगेच काही केलं नाही. संक्रांत आली आणि बायको म्हणाली, ह्या वर्षी हळदीकुंकू नको, कुणी आलं नाही तर उगाच शोभा. तेव्हा मात्र मला ते सहन होईना. "बोलाव सगळ्यांना," मी म्हणालो. आक्काला मी स्वतः फोन केला आणि गोधडी घेऊन ये म्हणून सांगितलं.

त्या दुपारी बायका आल्या तेव्हा मी पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो. बोटात शिवणाचं पत्र्याचं टोपण, मांडीवर अर्धी शिवलेली गोधडी. आधी त्यांना वाटलं मी चुकून बसलोय. एकीनं पदर सावरून विचारलं, "सर, आम्ही थोड्या वेळानं येऊ का?"

"बसा," मी म्हणालो. "ह्या घरातली प्रत्येक गोधडी मी शिवलेली आहे. बारशातले चार टाके सोडले तर हिनं एकही टाका घातलेला नाही. ही विकतही आणत नाही. मला लाज वाटत होती म्हणून मी हिचं नाव सांगितलं, आणि हिनं ते सांभाळलं."

आवाज मैदानावरचा नव्हता. तरी सगळ्यांना ऐकू गेला.

आक्कानं पिशवीतून ती निळी-पिवळी गोधडी काढून माझ्यासमोर टाकली. "शीव."

मी बायकोचे ते चार टाके उसवायला घेतले.

"ते राहू द्या," बायको म्हणाली. ती वाण वाटत होती, तिनं वर बघितलं नाही. मी तिच्या टाक्यांच्या पुढून सुरू केलं आणि तोंड शिवलं. आक्का माझ्या हाताकडं बघत होती. ती चिडणार असं मला वाटलं होतं आणि ती चिडलीही.

"आईच्या म्होरं बसून टाकं घालनारा तूच की रं! आन मी आंधळी वयनीला बोलले. तवा दारात तर बसला हुतास. तोंडात गुळनी धरली हुती काय?"

"मी फोनवर होतो, आक्का," मी म्हणालो.

तिळगूळ देता देता बायकोचा हात थांबला. मग तिनं पुढच्या बाईला तिळगूळ दिला.

आणि पुढं जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. माझं कौतुक झालं. "सर, काय हात आहे हो तुमचा!" "आमच्या ह्यांना साधं बटण लावता येत नाही." एकीनं फोटो काढला. दुसरी म्हणाली, कबूल करायलाही धीर लागतो. बायकोनं इतके दिवस जे सोसलं त्याबद्दल तिला कुणी काही म्हटलं नाही. शेजारच्या काकू तेवढ्या जाताना तिचा हात धरून उभ्या राहिल्या. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आधी तिच्या नावावर लपलो, आता तिच्या अपमानावर मोठा झालो.

सगळ्या गेल्यावर ती कप गोळा करत होती. मी सतरंजी घडी करायला घेतली. कौतुकानं मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "बारशात मी दाराकडं बघितलं होतं."

मी सतरंजीची दुसरी घडी घातली.

"तुम्ही बघितलं होतं का, मी बघितलेलं?"

फोन आला होता, हे वाक्य जिभेवर तयार होतं. इतक्यांदा वापरलेलं की आपोआप निघालं असतं.

"बघितलं होतं," मी म्हणालो. "फोन कुणाचाच नव्हता. तुझी नजर आली म्हणून मी तो कानाला लावला."

तिनं कप बेसिनमध्ये ठेवले, नळ सोडला. "एवढंच हवं होतं मला," ती म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही.

आक्काचा नातू आता त्या गोधडीवर रांगतो. भिशीची चिठ्ठी पुन्हा हिच्या हातून काढतात. मी पुढच्या ओट्यावर बसून शिवतो. जाता-येता पोरं "नमस्कार सर" म्हणतात आणि थोडं पुढं जाऊन हसतात. हसू देत.

इतक्या गोधड्या शिवल्या, पण हिच्यासाठी एकही शिवली नव्हती, हे मला उशिरा सुचलं. तिला विचारून रंग घेतले. तिनं राखाडी आणि डाळिंबी सांगितले. शिवून झाली, एक कोपरा उघडा ठेवला आहे. घास तिनं घालायचा आणि तोंड मी शिवायचं. जोंधळ्याचे दाणे मी वाटीत काढून गोधडीशेजारी ठेवले आहेत.

केर काढताना ती वाटी उचलते, खालचं पुसते आणि परत तिथंच ठेवते. दाणे अजून वाटीतच आहेत.