जिभेची नळी

रायपुरातल्या गुढियारीच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या गोतमारे मॅडम आनुवंशिकतेचा धडा घेताना दरवर्षी एक ताकीद द्यायच्या. आधी त्या पोरींना जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करायला सांगत. अर्ध्याअधिक पोरींना जमायचं, बाकीच्या तोंडं वाकडी करत एकमेकींकडे बघून हसायच्या. मग फळ्यावर नियम यायचा. जीभ वळणं हा प्रभावी गुण. आईबाप दोघांचीही जीभ वळत नसेल तर लेकराची वळणार नाही. आणि खडू खाली ठेवता ठेवता मॅडम म्हणत, "घर में किसी से मत पूछना. परीक्षा में सिर्फ नियम आता है."

घरी काहून विचारायचं नाही, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. बाई फार शिस्तीच्या. पन्नाशी आली, लग्न नाही, घरी फक्त म्हातारी आई. शिक्षिकांच्या खोलीत सगळ्या डबे एकत्र उघडत, मॅडम मात्र खिडकीपाशी एकट्या बसून जेवत. गर्विष्ठ आहे, असं लोक सरळ बोलून मोकळे झाले होते. लोकांना काय, बोलायला काही पैसे पडत नाहीत.

आता खरी गोष्ट ऐका. गोतमारे मॅडम म्हणजे इंदू, श्यामराव आणि कलावतीची एकुलती एक पोर. श्यामराव गोंदियाकडून आलेले, रायपूरच्या मालधक्क्यावर मालगाडीचे डबे जोडायच्या-सोडायच्या कामाला. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी पाळणा हलेना. मग बाराव्या वर्षी कलावती तुमसरजवळच्या माहेरी गेली आणि चार महिन्यांनी कडेवर पोर घेऊन परतली. पोरीचं नाक बापासारखं नाही, रंग आईसारखा नाही. पण लहानपणी इंदूच्या डोक्यात हे कधी आलंच नाही. बाप ड्यूटीवरून यायचा, आई भाकर थापायची, ही मधे बसून दोघांचं डोकं खायची. छान चाललं होतं.

१९७२ साली इंदू बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेली. त्यांच्या अख्ख्या नात्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली पोर. सरांनी जिभेचा नियम शिकवला आणि घरच्यांचा तक्ता भरून आणायला सांगितला. संध्याकाळी इंदूने दोघांना समोर बसवलं. श्यामरावांनी जीभ बाहेर काढली, डोळे मोठे केले, मिशी हलली, पण जीभ फळीसारखी सपाट. कलावती पदरात तोंड लपवून हसत होती. तिचीही जीभ वळेना. मग इंदूने केली. झटक्यात नळी.

"पाहा," श्यामराव म्हणाले, "आमच्यात हीच एक हुशार."

तिघेही खूप हसले. हसता हसता इंदू तक्ता भरायला लागली आणि तिसऱ्या रकान्यापाशी तिची पेन्सिल थांबली. नाही, नाही, मग होय. असा तक्ता होऊच शकत नव्हता.

आजच्या पोरांना हे पटायचं नाही. चूक पुस्तकाचीही असू शकते, असं त्यांना वाटतं तरी. पण ज्या घरात पहिल्यांदा पुस्तक आलं, त्या घरातल्या पोरीला छापलेल्या अक्षरावर शंका कशी घेता येणार? तिने आईबापावर घेतली. अकरा वर्षं, आईचं दूरचं माहेर, वेगळं नाक, सगळं भराभर जुळत गेलं. आपण यांचे नाही. कुठून तरी आणलेलो आहोत.

विचारायचं तर जीभ उचलेना. विचारलं असतं तर त्यांना खरं सांगावं लागलं असतं, आणि त्यांचा जीव तुटला असता. परक्याच्या पोरीला ज्यांनी एवढं जपलं त्यांना दुखवायचं नाही, असं तिने ठरवलं. त्या दिवसापासून इंदू त्या घरात पाहुण्यासारखी राहायला लागली. हट्ट बंद, भांडण बंद. ताटात वाढतील तेवढं खायचं, वर मागायचं नाही. आईच्या मांडीवर डोकं टाकायची सवय होती, तीही सोडली. कलावतीला वाटलं, पोट्टी मोठी झाली. पण अशी कोणती पोट्टी एका रात्रीत मोठी होते हो?

मग स्थळं आली. पहिलंच भंडाऱ्याचं, मुलगा पोस्टात, इंदूला आवडलाही होता. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाच्या काकांनी विचारलं, "मामकूळ कोणतं?" श्यामराव कलावतीच्या माहेरचं नाव सांगायला लागले आणि इंदूला आपण चोरीचा माल चांगला म्हणून खपवतो आहोत असं वाटलं. तिने नकार कळवला. पुढच्या दोन स्थळांनाही तेच. तिसऱ्या नकारानंतर श्यामराव तिच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले.

"बेटा, आमचं काही चुकून राहिलं काय?"

"नाही, बाबा."

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. १९९१च्या मे महिन्यात ते गेले. इंदूच अग्नी देईल, असं कलावतीने चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं, पण इंदूच मागे सरली. आपल्याला हक्क नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. शेवटी अग्नी पुतण्याने दिला. त्या दिवशीही लोक काय काय बोलले, ते सोडा.

पुढे छत्तीसगड झालं. रायपूर राजधानी झाली, पाट्या बदलल्या, लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या, आणि नव्या राज्याची नवी पुस्तकं लिहायचं ठरलं. २००४च्या उन्हाळ्यात शिक्षकांची कार्यशाळा भरली. गोतमारे मॅडमना जीवशास्त्राच्या गटात बोलावलं. गटाच्या प्रमुख होत्या शर्मिष्ठा नावाच्या तरुण प्राध्यापिका. कूलर घरघरत होता, शर्मिष्ठा जुन्या पुस्तकाची पानं भराभर उलटत होत्या. एका पानावर त्यांनी लाल रेघ मारली.

"ये जीभ वाला हटा रहे हैं. नियम ही ग़लत है. एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा एकाची वळते, दुसऱ्याची नाही," त्या हिंदीतून मराठीत येत म्हणाल्या. "माँ-बाप किसी की न मुड़े और बच्चे की मुड़े, एकदम मामूली बात है."

गोतमारे मॅडमनी विचारलं, "हे कधी कळलं?"

"पचासेक साल हो गए, मॅडम. पुस्तकातून काढायचं कोणी मनावर घेतलं नाही, बस."

गट पुढच्या पानावर गेला. चहा आला. मॅडमनी तो घेतला नाही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तोच नियम फळ्यावर लिहिला होता. किती पोरींनी ताकीद मोडून घरी विचारलं असेल, आणि किती त्यांच्यासारख्याच गप्प बसल्या असतील, याचा विचार मनात आला आणि त्यांना बसवेना. तब्येतीचं निमित्त सांगून त्या निघाल्या.

घरी कलावती जमिनीवर बसून बरबटीच्या शेंगा मोडत होती. एकोणऐंशीची झाली तरी हात चालू. इंदू चपला न काढताच तिच्यासमोर बसली.

"आई, मी तुझ्याच पोटची ना?"

"काय होऊन राहिलं तुले? ऊन लागलं काय?"

इंदूने सगळं सांगितलं. तक्ता, जीभ, नियम, भंडाऱ्याचं स्थळ, स्मशानात मागे सरणं, आणि आजची लाल रेघ. कलावतीने शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"दोन दिवस कळा देल्या मी. तिसऱ्या दिवशी पहाटे तू झाली. तुह्या बाबाले तार गेली त तो मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून आला, अन् तुले पाहून रडला. अन् तू बत्तीस वर्षं एका जिभेपायी..." तिने इंदूचं मनगट धरलं. "मले कधी विचाराचं तरी, इंदे."

इंदूला रडूही येईना. ती एवढंच म्हणाली, "बाबांना काय वाटलं असेल?"

"त्यायले वाटे, पोरगी शिकली, आता तिले आपल्या कामाची लाज वाटते. मालधक्क्यावरून आले का आधी नळावर जात. हाताचं काळं निघेपर्यंत घासत, मंगच तुह्यासमोर येत. शेवटी दवाखान्यातही मले म्हनत, इंदू आली का माहे हात चादरीखाली घालत जाय."

इंदूला तो दवाखाना आठवला. मे महिन्याचा उकाडा होता आणि बाबांचे हात चादरीखाली होते. त्यांना थंडी वाजत असेल असं समजून तिने स्वतःच ती चादर गळ्यापर्यंत ओढली होती.