सहावा बार

साल एकोणीसशे सेहेचाळीस. मिरजगावच्या शिवारात श्रीमंत बागलांच्या नव्या विहिरीला तीस हातांवर काळा पाषाण लागला, आणि तो फोडायचं काम चांदभाईकडं आलं. चांदभाई जुना सुरुंगवाला. डावा डोळा याच धंद्यात गेलेला. बायको मुबारकबी आणि एकोणीस वर्षांची मुलगी जहिरा त्याच्याबरोबर फुटलेल्या दगडाच्या पाट्या वाहायच्या. जहिराकडं आणखी एक काम असे, बार मोजायचं.

पहारीनं पाडलेल्या भोकांत दारू ठासायची, वाती पेटवायच्या, पेटवणाऱ्याला दोरानं वर ओढून घ्यायचं आणि सगळ्यांनी लांब पळायचं. जितकी भोकं तितके आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी झाला, तरी तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत खाली उतरायचं नाही. मग उतरून आधी भोकात पाणी ओतायचं. हा चांदभाईचा कायदा होता, डोळा देऊन शिकलेला.

वाती पेटवायला चांदभाईच्या हाताखालचा तरणा गडी महमूद उतरे. एकाच विडीनं सगळ्या वाती पेटवायचा आणि शेवटची पेटल्यावर एक झुरका मारून मगच दोराला हिसका द्यायचा. त्या एका झुरक्यापायी वर जहिराची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालायची. तो काठावर आला की तिला हसू फुटायचं आणि डोळे भरून यायचे. याचा अर्थ तिनं मनाशी लावून टाकला होता. त्याच्या घरून मागणी आलेली होती. शुक्रवारी चांदभाई जबान देणार होता; जहिरानं हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

गुरुवारी सकाळी चुलीपाशी ती आईला म्हणाली, "अम्मा, तो खाली असला की माझा जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई."

मुबारकबीनं फुंकणी खाली ठेवली. "आन वर असला की?"

"म्हंजी?"

"भाकर खाताना, पान्याला जाताना. तवा काय हुतं तुला?"

जहिरा चुलीत लाकूड सारू लागली.

"तुज्या अब्बापायी माझंबी असंच व्हायचं. मला वाटलं, जीव जडला म्हन्त्यात तो ह्योच. लगीन झाल्यावर कळलं, ते नुसतं भ्या हुतं. आन तू तर बापाची वाट बघत, दचकत वाढलीस. दचकल्याबिगर मानूस आपला वाटतच न्हाई तुला."

"अब्बा काय वाईट हायेत?"

"वाईट कोन म्हनतंय? मी आजून भिती, येवढंच."

जहिराला राग आला. आईला काय कळतंय, असं म्हणत तिनं पाटी उचलली.

दुपारी सहा वाती पेटल्या. जहिरानं बोटांवर मोजलं. पाच बार झाले. सगळ्यांनी कान टवकारले. सहावा झालाच नाही.

"बसा समदी लिंबाखाली," चांदभाई म्हणाला. "नमाज हुईस्तवर कुनी हलायचं न्हाई."

सगळ्यांनी भाकऱ्यांची फडकी सोडली. आईचं बोलणं मनातून जाईना, म्हणून जहिरानं गळ्याच्या शिरेवर बोट ठेवलं आणि महमूदकडं पाहिलं. आधी ठोके पळत होते. मग चालायला लागले. मग इतके मंद झाले की शोधावे लागले. समोर एक माणूस भाकरी चावत होता. त्याला काय विचारावं हे तिला सुचेना. त्यालाही काही सुचत नसावं. त्याची नजर विहिरीवरून हलतच नव्हती.

काम बघायला आलेले श्रीमंत बागल कुरकुरले, "दिवस फुकट गेला की, चांदभाई."

महमूद झटकन उठला. "वात ईजली आसंल, चाचा. बघून येतो."

"बस खाली!"

"तुमाला येकच डोळा उरलाय, चाचा. मला दोन हायेत," तो हसत म्हणाला, आणि चांदभाई पोचेपर्यंत दोर धरून आत उतरलासुद्धा.

"मागं सरा!" चांदभाई ओरडला. सगळे जमिनीला चिकटून पडले. जहिराच्या तोंडात माती गेली. विहिरीतून पहारीचा एक आवाज आला. मग काहीच नाही. तिला वाटलं, आता. आता होईल.

काठावर हात दिसला, मग डोकं. महमूदच्या दातांत अर्धी जळलेली वात होती. गड्यांनी आरोळी ठोकली. थोबाडीत द्यायची सोडून चांदभाईनं त्याला मिठी मारली. "तरनेपनी मी असाच हुतो! पोरी, उद्याची वाट कशाला? आत्ताच देतो जबान. देऊ न्हवं?"

जहिराच्या गळ्यातले ठोके मोजण्यापलीकडं गेले होते. सारं अंग महमूदकडं धावत होतं. तिनं अंगाला धावू दिलं, पण पाय हलवला नाही.

"न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"लगीन न्हाई करायचं मला."

महमूदचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. "भ्यालीय पोर," श्रीमंत समजुतीनं म्हणाले. "उद्या इचारा."

"व्हय, भ्यालीय," जहिरा म्हणाली. "म्हनूनच न्हाई."

चांदभाईचा हात वर गेला. मुबारकबी मध्ये येऊन उभी राहिली. नवऱ्यासमोर चार पुरुषांत ती कधी बोलली नव्हती.

"पोरगी न्हाई म्हनली. आयकलं न्हवं समद्यांनी?"